मेंढा छाप कौसाकाकू

कौसाकाकूंच्या स्वयंपाकघरात नवखा माणूस हमखास फसायचा. साखर, मीठ, शेंगदाणे, शिवणाचं सामान, नवऱ्याच्या, म्हणजे बाप्पांच्या, रक्तदाबाच्या गोळ्या, सगळ्या डब्यांवर एकच चित्र चिकटवलेलं. हिरव्या रानात चार पाय रोवून उभा असलेला दांडगा मेंढा, त्याच्या दोन शिंगांच्या मधोमध एक पिवळीधमक मोसंबी आणि खाली लाल अक्षरांत ‘मेंढा छाप, पाचोड’. त्यांच्या सुनेनं एकदा माझ्या चहात मीठ घातलं ते या मेंढ्यापायीच. फ्रीजच्या दारावर मेंढा, नातीच्या दप्तरावर मेंढा, मुलाच्या मोटारसायकलच्या टाकीवर मेंढा. धाकट्या मुलाच्या लग्नपत्रिकेत वर गणपती होता, आणि त्याच्या शेजारी, अगदी त्याच्याच मापाचा, मेंढा होता.

“गणपतीला चाललं का हे?” मी विचारलं.

“त्याला उंदीर चालतो, मास्तर. मेंढ्यानं काय घोडं मारलं?”

मी तेव्हा कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवत होतो आणि मला ‘सर’ म्हणवून घ्यायची सवय होती. काकूंनी पहिल्याच भेटीत माझा मास्तर केला आणि आठवड्याभरात शहराच्या कडेला असलेल्या पडेगावातल्या आमच्या सगळ्या गल्लीनं तेच उचललं. मी रागावून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. अजूनही दूधवाला मला मास्तरच म्हणतो.

पाचोडच्या पंचक्रोशीत मोसंबीच्या बागा डोलत होत्या, तेव्हाची ही चित्रं. फळ लाकडी पेट्यांतून मुंबईला, हैदराबादला जायचं आणि पेटीवर बागवाल्याच्या छापेचं रंगीत लेबल लागायचं. मोर छाप, पैलवान छाप, चांदणी छाप. छाप म्हणजे घराचं दुसरं आडनावच. ‘पैलवानाची सून’ म्हटलं की ती कोणत्या घरातली हे गावाला कळे, मग त्या घरात सगळे काडीपैलवान का असेनात. ऐन हंगामात कोणाची लेबलं संपली, तर तो शेजाऱ्याकडून गठ्ठाभर उसनी आणी, आपला माल त्याच्या छापेखाली पाठवी आणि पुढच्या बहाराला आपल्या खर्चानं तेवढीच लेबलं छापून परत करी. विरजण उसनं आणावं इतकं ते सहज होतं. अट एकच, उसन्या छापेखाली हलकं फळ भरायचं नाही. भरलं तर बाजारात तोंड दाखवायला जागा उरत नसे.

काकूंचं माहेर देवगाव रंगारी, सासर पाचोड, आणि दोन्ही घरं मेंढपाळांची. सासऱ्यांनी निम्मा कळप मोडून विहीर पाडली आणि मोसंबी लावली. पहिलं फळ आलं तेव्हा काकू नव्या सून होत्या. आपल्यालाही छाप पाहिजे, असं त्यांनी घरात सांगितलं आणि ते गावात फुटलं. मेंढरं राखणाऱ्यांना छाप कशाला हवी, म्हणून पारावर लोक खो खो हसले. काकूंच्या मनात तोवर कमळ होतं. ते हसणं ऐकून त्यांनी कमळ रद्द केलं. “हसले ना? मंग मेंढाच काढायचा,” असं त्यांनी सासऱ्यांना सांगितलं, आणि सासऱ्यांनी सुनेचं ऐकलं. त्या काळात ही गोष्ट मेंढ्यापेक्षा नवलाची होती.

लेबलं शहरात, शहागंजातल्या एका छापखान्यात छापली जात. तिथं रशीदभाई नावाचे पेंटर बसायचे. पाचोडचे सगळे मोर आणि पैलवान त्यांच्याच हातचे. काकूंसाठी त्यांनी काढलेला पहिला मेंढा पाहून काकू म्हणाल्या, “हे मेंढरू हाय का आंघोळ घातलेलं कुत्रं?”

रशीदभाई प्रामाणिक माणूस. “बाई,” ते म्हणाले, “मैं मेंढा थाली में देखा. खडा हुआ कभी नई देखा.”

काकू परत गेल्या आणि दुसऱ्या दिवशी फळांच्या टेम्पोत घरचा मेंढा घालून घेऊन आल्या. भर शहागंजात छापखान्याच्या दाराला मेंढा बांधला. रस्ता अडला, बघे जमले, एका हवालदारानं शिट्टी फुंकली. रशीदभाई कागद घेऊन बसले, पण मेंढा काही स्थिर उभा राहीना. दावं ताणून त्यानं कोपऱ्यातली खळीची बादली गाठली आणि लेबलं डकवायची सगळी खळ चाटूनपुसून संपवली. तोंडी लावायला कोणाच्यातरी लग्नपत्रिका खाल्ल्या. मग मात्र तो असा तृप्त होऊन उभा राहिला की रशीदभाईंचं चित्र पुरं होईपर्यंत त्यानं शेपूटही हलवली नाही.

“म्हून तर बघा ना, प्वाट किती फुगलंय त्याचं,” असं म्हणून काकू डब्यावरच्या मेंढ्याच्या पोटावर बोट ठेवायच्या. ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून अनेकदा ऐकली. प्रत्येक वेळी हवालदार बढती घेत गेला. शेवटी शेवटी तो फौजदार झाला होता.

“खरं आहे का हो, बाप्पा?” मी त्यांच्या मालकांना विचारायचो.

“व्हय,” बाप्पा म्हणायचे.

बाप्पांचा शब्दसंग्रह ‘व्हय’ आणि ‘नाय’ एवढाच होता, आणि त्यातला ‘नाय’ मी क्वचित ऐकला. बायको बोलते म्हटल्यावर नवऱ्यानं कशाला बोलायचं, असा त्यांचा सरळ हिशेब असावा. बागेत त्यांच्याकडे एक खातं होतं, खळ शिजवून पेट्यांवर लेबलं लावायचं. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायचे. त्यांनी लावलेलं लेबल हैदराबादपर्यंत पावसात भिजत गेलं तरी सुटत नाही, अशी त्यांची ख्याती होती.

काकू उंच, हाडापेरानं मोठ्या. आवाज रानात कळप वळवून तयार झालेला. मोबाइलवर बोलताना त्यांना मोबाइलची तशी गरज नव्हती. ‘आभार’ हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता आणि ‘माफी’ तर नव्हताच. पडेगावात आल्यावर त्यांनी दोन शेळ्या पाळल्या आणि गल्लीतल्या रिकाम्या प्लॉटांवर त्या चारायला सुरुवात केली. त्यांतल्या एकीनं माझी जास्वंद बुडख्यापर्यंत खाल्ली. मी तणतणत गेलो. काकूंनी ऐकून घेतलं, आत गेल्या आणि घमेलंभर लेंड्या आणून माझ्या पुढ्यात ठेवल्या. “घ्या. तुमचंच हाय ते,” त्या म्हणाल्या. पुढच्या वर्षी त्या जास्वंदीला अशी फुलं आली की गल्लीतल्या बायका पूजेला माझ्या दारात येऊ लागल्या. मी यावर काकूंशी काही बोललो नाही आणि त्यांनीही मोठेपणानं विषय काढला नाही.

शहर किती वाढलं हे मला वर्तमानपत्रातून कळायचं, काकूंना शेळ्यांवरून. “आधी दौलताबादच्या रस्त्यापस्तोर चरायच्या. मंग त्या शाळेपस्तोर. आता तुमच्या कुंपनापस्तोर आल्यात. मास्तर, पुढच्या साली शेळ्या गच्चीवर चारायच्या का?” प्लॉट एकेक करून भरत गेले. शेळ्या गेल्या. काकू मात्र संध्याकाळी सवयीनं काठी घेऊन फेरी मारायच्या आणि नव्या बंगल्यांकडे, पिकात शिरलेल्या जनावराकडे बघावं तसं बघायच्या.

त्या पडेगावात आल्या त्या बाग गेल्यावर. मोसंबीला बहार धरायचा तर आधी पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो. पानं मलूल झाली की पाणी सोडायचं, मग झाड फुलानं लदबदतं. काकूंचं सगळं शहाणपण या एका गोष्टीवर उभं होतं. नात परीक्षेच्या भीतीनं रडली की त्या म्हणायच्या, “बसू दे ताण, मंग फूल येतं.” सून आणि मुलगा भांडले की, “ताण चालू हाय, कुनी मधी बोलू नका.” पण ती कोरडी वर्षं अशी एकामागून एक आली की तोडलेलं पाणी पुन्हा सोडायला विहिरीत पाणीच राहिलं नाही. लोकांनी टँकर लावून झाडं जगवायची धडपड केली. यांनीही केली. शेवटी झाडं उभ्यानं वाळायला लागली, तेव्हा बाग तोडायचा निर्णय काकूंनी घेतला. पहिल्या झाडापासून शेवटच्या झाडापर्यंत त्या बांधावर उभ्या होत्या. तोडणाऱ्यांना त्यांनीच भाकरी वाढली.

हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, डाळ निवडता निवडता. “त्या दिशी मी लई रडले, मास्तर. बाप गेला तवा बी येवढी रडले नव्हते.” मग त्यांनी डाळीतला खडा काढून बाहेर फेकला आणि सुनेला कुकर लावायला सांगितलं.

धाकटा मुलगा वाळूजच्या कारखान्यात होता, त्यानं पडेगावात घर बांधलं आणि आईवडिलांना आणलं. पाचोडला बागवाल्यांची बरीच घरं अशीच पांगली. कोणी कापूस लावला, कोणी शहर गाठलं. मोर, पैलवान आणि चांदण्या पेट्यांच्या तळाला, पोथ्यांच्या पानांत, नाहीतर कपाटाच्या दाराला आतून चिकटून राहिल्या.

नातीच्या दप्तरावरचा मेंढा शाळेतल्या एका पालकानं पाहिला. तो फळांच्या रसाच्या एका नव्या कंपनीत होता. पंधरवड्यात कंपनीचे साहेब काकूंच्या दारात. काकूंनी मला बोलावून घेतलं, कारण साहेबांसमोर बसवायला घरात चष्मेवाला दुसरा कोणी नव्हता.

साहेब तरुण आणि गोड बोलणारे. “आजी, पाचोडच्या सगळ्या जुन्या लेबलांचे हक्क आम्ही एकरकमी विकत घेतो. प्रत्येक घराशी बोलणं चालू आहे. मूळ कागद आमच्याकडे जमा करायचे, आम्ही ऑफिसात काचेत लावू. मग ती चित्रं फक्त आमच्या बाटल्यांवर दिसतील.”

“आन् आमच्या डब्यांवर?”

साहेब हसले. “डब्यांचं एवढं काही नाही. पण दुकानाच्या पाटीवर, पत्रिकेवर असं कुठं छापायचं नाही.”

“खाली पाचोड लिव्हनार ना?”

“ते काढावं लागेल. बाहेर पाचोड कोणाला माहीत असतं? आणि खरं सांगू का, आजी, तुमच्याकडे आता बागा राहिल्यात कुठं? नुसतं पडून राहण्यापेक्षा...”

काकू उठून आत गेल्या. आम्हाला वाटलं चहा टाकायला. बराच वेळ त्या आल्याच नाहीत. मग दारात उभ्या राहून म्हणाल्या, “च्या संपलाय.” त्या घरातून चहा न घेता बाहेर पडलेला तो पहिला पाहुणा असेल. साहेब गेल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. डोळे लाल झालेले. “झाडं तर म्या तोडली, मास्तर. आता नाव ह्यो तोडनार व्हय? उद्या नात इचारंल, आजे, आपुन कोन व्हतो? काय दाखवू तिला, बाटली?”

पाचोडची बाकीची घरं मात्र तयार होती. कागद पडूनच आहेत, देऊन टाका, असा सगळ्यांचा सूर. काकूंनी एकेकाला फोन लावला. त्यांचं निम्मं बोलणं मी माझ्या अंगणात बसून ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन मागच्या गल्लीतल्या शेख वकिलांकडे गेल्या.

“वकीलसायेब, समजा शेळी हाय,” काकूंनी सुरुवात केली. शेखसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. “तुमाला इकली, तर दावं सुटलं. पन अर्धलीनं दिली तर शेळी माझीच. चारापानी तुमचं. पिलं झाली की निम्मी तुमची, निम्मी माझी. अन् नीट नाय सांभाळली, नायतर बोली संपली, की मी दावं धरून घरी आननार. चित्राचं असं करता येतं का?”

शेखसाहेब खुर्चीत सरसावून बसले. “अरे, येच तो लायसन्स है, बाई! मालकी तुमची, वापर त्यांचा, मुदत ठरवून. वही मैं आपको समझाने वाला था, मगर मेरेकु एक घंटा लगता.” मग ते गंभीर झाले. “लेकिन दो बातां. एक, रशीद पेंटर के बच्चों की भी सही लगेगी, हात उनका था. दुसरं, सगळी घरं एकत्र पाहिजेत. एकेकानं वेगळी सही केली तर मागे राहणाऱ्याला कंपनी विचारणार नाही.”

“रशीदभाईचं नाव तर लागंलच. मेंढा माझा, शिंगं त्येंची,” काकू म्हणाल्या.

रशीदभाईंचा मुलगा शहरात फ्लेक्सची पाटी लावून बसला होता, तो एका पायावर तयार झाला. अडलं ते मोरापाशी. मोर आमचा, असं पाचोडची तीन घरं म्हणत होती आणि तिन्ही घरांत मोराची लेबलं होती. साहेबांच्या कानावर हे गेलं. ज्याचा मालक ठरत नाही ते चित्र थोडं बदलून आम्हीच वापरू, असं त्यांनी कळवलं. आणि येत्या बाजाराच्या दिवशी पाचोडला येतो, तेव्हा सगळे मूळ कागद हजर ठेवा, त्याच दिवशी सह्या होतील, नाहीतर विषय बंद.

तेवढ्या दिवसांत काकूंनी घरांना एकच कबूल करून घेतलं. “मी येईस्तवर कोनी सही करायची नाय.” बाप्पांना त्यांनी आदल्या दिवशीच पाचोडला पाठवलं. बाजारतळावर ग्रामपंचायतीची एक जुनी खोली आहे, पूर्वी तिथं पेट्या भरायचे. तिथं बसून लोकांनी आणलेली लेबलं नीट सांभाळायची, एवढंच काम. बाप्पा ‘व्हय’ म्हणाले.

आम्ही शेखसाहेबांच्या गाडीतून पोचलो तेव्हा बाजार ऐन भरात होता. खोलीच्या दाराशी गर्दी. आत शिरलो आणि तिघंही जागच्या जागी थांबलो. समोरची भिंत मोसंबीच्या लेबलांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेली होती. मोर, पैलवान, चांदण्या, बैलजोड्या, मेंढा, सगळे ओळीनं, ओल्या खळीत चमकत. कित्येकांचा घरातला उरलासुरला एकुलता एक कागद होता तो. बाप्पा स्टुलावर उभे राहून शेवटच्या चांदणीवरून फडकं फिरवत होते. खाली चुलीवर खळीचं पातेलं, आणि चार माणसं त्यांना हौसेनं कागद पुरवत होती. लेबल म्हणजे चिकटवायची वस्तू. ती चिकटवताना कोणालाही काही वावगं वाटलं नव्हतं.

“आवं!” काकूंचा आवाज बाजारापार गेला असेल. “काय केलं हे? सांभाळा म्हनलं व्हतं ना!”

बाप्पा स्टुलावरून उतरले. “वारं सुटलं व्हतं,” ते म्हणाले. “उडून चालली व्हती सगळी. म्हून लावली.”

त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं ते सर्वांत लांब भाषण.

काकू डोक्याला हात लावून खालीच बसल्या. तेवढ्यात मागून साहेब आले. त्यांचा चेहरा पांढरा पडला. ते सरळ भिंतीपाशी गेले आणि पैलवानाचा कोपरा नखानं उचलायला लागले. पैलवानाचं पाऊल टर्रकन फाटलं. सगळी खोली ‘अरारारा’ करून ओरडली आणि पैलवानाच्या घरातल्या म्हाताऱ्यानं साहेबांचं मनगट धरलं. “हात नका लावू, सायेब. बाप्पाची खळ हाय. मोरचुदाची. हैदराबादपस्तोर टिकायची, ती तुमच्या नखाला काय दाद देती?”

मी काकूंकडे पाहिलं. बसल्या जागेवरून त्या भिंतीकडे बघत होत्या. गावाच्या सगळ्या छापा त्यांनी, आणि गावानंही, अशा एका जागी कधीच पाहिल्या नव्हत्या. हळूहळू त्यांचा चेहरा बदलला. आधी खांदे हलायला लागले, आणि मग त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की बाहेरची बाजारकरी मंडळी दारात डोकावली. त्या उठल्या, पदर खोचला.

“आता आधी मोराचं. तिघं बी म्होरं या,” त्या म्हणाल्या. भिंतीवर तिन्ही घरांचे मोर शेजारी शेजारी लागले होते. “ह्या भितीकडं बघून सांगा, मोर कुनाचा? लबाड बोलायचं असंल तर बाहेर जाऊन बोला.”

तिघं पुढं सरकले. मग नामदेव नावाचे एक थकलेले गृहस्थ म्हणाले, “मोर गणपतचा. आमी उसना आनला व्हता. परत करायच्या आधीच बागा गेल्या.”

“आमचा बी उसनाच,” तिसरा पुटपुटला.

गणपतरावांनी दोघांकडे पाहिलं. “फळ चांगलं भरलं व्हतं ना माझ्या मोराखाली?”

“एक नंबर!” दोघं एकदम म्हणाले.

“मंग लिवा तिघांचाबी मोर,” गणपतराव म्हणाले, आणि खोलीत जी काही शिट्टी वाजली ती अजून माझ्या कानात आहे. शेखसाहेब रुमाल काढून चष्मा पुसत होते, ते उगाच नव्हे.

साहेब अजून मूळ कागदांपाशीच अडकले होते. “पण मूळ प्रती जमा करण्याचं काय?”

“भिंत उखाड के ले जाओगे क्या, साहब?” शेखसाहेबांनी विचारलं.

“फोटू काढा की,” काकू म्हणाल्या. “हितंच येऊन काढा. चित्रं कुटं जात नायत आता, अन् आमी बी इकत नाय. वापरा. मुदत ठरवा, मुदत संपली की पुन्यांदा गावाला इचारा. चित्राखाली पाचोड पायजे, घराचं नाव पायजे, रशीद पेंटरचं नाव पायजे. आमच्या लग्नाला, दुकानाला आमची छाप आमी लावनार, तुमी इचारायचं नाय. अन् ह्या खोलीचे पत्रे गळत्यात. भित भिजली तर तुमची बी चित्रं भिजली. पत्रे तुमी बदलायचे.”

“हे सगळं मी एकटा ठरवू शकत नाही, आजी.”

“मी बी एकटी नाय,” काकू म्हणाल्या आणि बाजूला झाल्या. त्यांच्या मागं सगळं पाचोड उभं होतं.

साहेब फोन घेऊन बाहेर गेले. भाजीवाल्यांच्या गलक्यात एक कान दाबून ते कितीतरी वेळ येरझाऱ्या घालत होते. त्या दिवशी सह्या झाल्या नाहीत. पण विकत घ्यायचा कागद त्यांनी पिशवीतून बाहेरही काढला नाही, आणि पुढं शेखसाहेबांनी केलेल्या मसुद्यावर सह्या झाल्या तेव्हा त्यात पत्र्यांसकट सगळं होतं. गावानं त्या दिवशी फेटा बांधला तो बाप्पांना. बैलगाडीत बसवून बाजारातून मिरवलं. ते फेट्याखाली अवघडून बसले होते आणि काकू गाडीपुढं चालत येईल-जाईल त्याला सांगत होत्या, “आमचं मालक हायेत. ह्येनींच केलं सगळं.” तासाभरापूर्वी त्यांनी याच मालकांना काय काय म्हटलं होतं, ते मी इथं लिहीत नाही.

पहिली बाटली आली तेव्हा काकूंनी ती खिडकीत उजेडाला धरून पाहिली. शिंगं मोजूनमापून तपासली. खालच्या ओळी बोट लावून वाचल्या. मेंढा, पाचोड, आपलं नाव, रशीदभाईंचं नाव. मग बाटली माझ्या हातात दिली. “प्या तुमी. दात असताना रस कोन पितं?” पण रिकामी बाटली मात्र त्यांनी परत मागून घेतली आणि खिडकीत ठेवली. पाचोडच्या त्या खोलीवर नवे पत्रे आले. शाळेची मुलं भिंत बघायला येऊ लागली. गणपतरावांच्या पुतण्यानं पावसाचं बरं बघून पुन्हा थोडी मोसंबी लावली, तेव्हा त्यानं आधी त्या खोलीत नारळ फोडला.

काकू आता नाहीत. बाप्पाही त्यांच्या मागून लवकरच गेले. कोणाला ‘व्हय’ म्हणायचं हा प्रश्न त्यांना पडला असावा. मी काकूंना शेवटचं पाहिलं ते पाचोडलाच. मुदत संपली होती आणि कंपनीला ती वाढवून हवी होती, या वेळी आणखी लांब. काकूंचा मला निरोप आला, “मास्तर, कागद वाचून दाखवायला या.” मी गेलो, खोलीत सगळ्या घरांसमोर कागद वाचला. वाचून झाल्यावर काकू म्हणाल्या, “झालं तुमचं काम. आता बाहेर बसा.” मला राग आला, पण उठलो. बाहेर बाकड्यावर साहेब बसले होते. कानशिलं पांढरी झालेली, मांडीवर लॅपटॉप, बुटांवर बाजारतळाची धूळ. मीही त्यांच्या शेजारी टेकलो. आतून हसण्याचे, भांडणाचे आवाज येत होते.

“किती वेळ लागेल?” साहेबांनी मला विचारलं.

“त्यांचं त्यांना माहीत,” मी म्हणालो.

तेवढ्यात दार उघडलं. काकू काठीवर रेलून दारात उभ्या होत्या, खूप वाळलेल्या, पण आवाज तोच. पाठीमागच्या भिंतीवर गावाच्या सगळ्या छापा दिसत होत्या आणि त्यांच्या पुढ्यात माणसं मांडी ठोकून बसली होती. काकूंनी आधी बाप्पांना पाहुण्यांसाठी चहा सांगितला. मग त्या साहेबांकडे वळल्या.

“बसा निवांत. गावाला इचारू राह्यले मी. गाव व्हय म्हनलं तर व्हय. नाय म्हनलं, तर मेंढा घरी.”

साहेब अर्धवट उठून काहीतरी बोलणार होते. काकूंनी ऐकलं नाही. त्या आत गेल्या आणि दाराला आतून कडी घातली.